मूकपेटीला दिलेला रंग

हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास भिमाजी रणपिसे यांनी कारखान्याच्या बिनतारी कक्षाचे कुलूप उघडले, वहाणा उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या आणि टेबलाजवळ जाऊन ते क्षणभर नुसतेच उभे राहिले. टेबलावर दोन वायरलेस संच होते. आणि दोन थोरल्या भावांच्या मध्ये नवे कपडे घालून बसलेल्या धाकट्यासारखी एक लाकडी पेटी त्यांच्यामध्ये विराजमान झाली होती. पेटीला ताजा हिरवा रंग होता. दर्शनी बाजूस पांढऱ्या अक्षरांत ‘मूकपेटी’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली, जरा लहान अक्षरांत, ‘निर्माता : भि. को. रणपिसे’.

“आप्पा, आता निस्ती वरात काढायची ऱ्हायलीया हिची,” मागून आलेला जयसिंग म्हणाला. हा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. वयाने पस्तिशीचा, जिभेने कोणत्याही वयाचा नव्हे.

“हात लावू नको. रंग वाळला आसला तरी बोटं उमटत्यात.”

“दिव्यालाबी रंग दिला जणू?”

“बारा वरसं ऊन खाऊन त्याची काच पार गुलाबी पडली व्हती. आज पंचक्रोशी येणार. गुलाबी दिवा बरा दिसतो का?”

जयसिंगने मान डोलावली. दिवा आता कुंकवासारखा लालभडक दिसत होता, यात शंका नव्हती.

ही पेटी काय होती, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. हा सहकारी कारखाना भीमेच्या दौंडकडच्या तीरावर उभा होता, पण त्याचा निम्मा ऊस नदीपलीकडून, शिरूर तालुक्यातून येई. म्हणून सन चौऱ्याऐंशीत येथे दोन बिनतारी संच बसविण्यात आले. एक शेतकीचा, त्यावर बोललेला शब्द प्रत्येक गावच्या गट ऑफिसात एकाच वेळी ऐकू जाई. दुसरा प्रशासनाचा, तो चेअरमनांची जीप आणि कार्यकारी संचालकांची कचेरी यांपुरता. दोन्ही संच एकाच टेबलावर असल्याने एक संकट पहिल्याच हंगामात उभे राहिले. एका संचावर बोलण्यासाठी माइकची कळ दाबली, की शेजारच्या संचाच्या स्पीकरमधून येणारा आवाजही त्याच माइकमध्ये शिरे. पाहुण्यांसाठी किती कोंबड्या कापाव्यात, हा चेअरमनांचा खासगी प्रश्न त्या वर्षी साऱ्या गट ऑफिसांनी ऐकला होता, आणि तीन गावांनी त्याचे उत्तरही कळविले होते.

संच बसविणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला होता, बोलताना दुसऱ्या संचाचा आवाज हाताने कमी करीत जा. भिमाजींनी दोन दिवस तसे केले. तिसऱ्या दिवशी कमी केलेला आवाज पुन्हा वाढवायचा राहून गेला आणि चेअरमन अर्धा तास आपल्या जीपमधून निर्वात पोकळीला हुकूम सोडीत राहिले. तेव्हा भिमाजींनी एक रविवार खर्ची घालून ही पेटी बनविली. तीत दोन खटके होते, दोन्ही संचांच्या स्पीकरांसाठी एकेक. खटका खाली केला की तो स्पीकर गप्प होई आणि पेटीवरचा लाल दिवा लागे. दिवा लागलेला असेतो एक स्पीकर बंद आहे, हे विसरणे शक्यच नव्हते. सैन्याच्या सिग्नल्स तुकडीत पंधरा वर्षे काढलेल्या माणसाची ती करणी होती. बारा हंगाम झाले, एका संचाचा शब्द दुसऱ्या संचावर गेला नव्हता.

भिमाजींना या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो अकारण नव्हता. त्यांच्या वडिलांचा आवाज गावच्या चावडीच्या पायरीशी अडत असे. पायरीखाली उभे राहून बोलायचे, आणि वर बसलेल्यांना ऐकू आले तर आले. त्याच माणसाच्या मुलाने “सर्व गटांनी ऐकावे” असे म्हटले, की आता नदीच्या दोन्ही तीरांवरची गावे हातचे काम थांबवून ऐकत. म्हणून संचावर बोलताना भिमाजी अत्यंत शुद्ध बोलत, प्रत्येक वाक्यानंतर थांबत, आणि दहा सेकंदांपेक्षा अधिक काळ कळ दाबून ठेवीत नसत. ‘कळ दाबलेला माणूस बहिरा असतो,’ असे ते जयसिंगला नेहमी सांगत.

परंतु या वर्षी भिमाजींना अठ्ठावन्न पूर्ण होत होती, आणि नव्याने आलेल्या कार्यकारी संचालकांना, म्हणजे एम. डी. साहेबांना, लाकडी पेटी पाहवत नव्हती. पुण्याच्या एका कंपनीचे असेच काम आपोआप करणारे यंत्र त्यांनी पाहून ठेवले होते. आदल्या दिवशी ते कक्षात आले आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, “रणपिसे, उद्याचा कार्यक्रम तुमच्या या पेटीवर होऊन जाऊ द्या. काही घोळ झाला नाही, तर पेटीही राहील आणि तुम्हालाही एक हंगाम मुदतवाढ. एक जरी घोळ झाला, तरी पेटी भंगारात आणि तुम्ही घरी.”

“घोळ होणार नाही, साहेब,” भिमाजी म्हणाले. साहेब गेले. त्यानंतर भिमाजींनी जे केले, त्याला घोळ म्हणण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. त्यांनी हिरव्या ऑइलपेंटचा डबा आणला, रंगात सढळ हाताने टर्पेंटाइन घातले, आणि पेटीला दोन हात दिले. रंग ओला असतानाच खटके दोनदा खालीवर करून पाहिले. ते चालत होते. मग लाल रंगाचा एक हात दिव्याला दिला आणि ते समाधानाने घरी गेले.

घरी पत्नी कस्तुराबाईंनी त्यांचा हिरवा हात पाहिला.

“अवं, उद्या मोळीपूजन हाय का पेटीचं लगीन?”

“कस्तुरा, उद्या मंडपात माझं भाषण हाय. शेतकीच्या संचावरनं. सगळी गटं ऐकणार.”

“तुमी बोलणार? दहा सेकंदं?”

“चार मिनिटं,” भिमाजी म्हणाले, आणि त्या उच्चाराने स्वतःच किंचित दचकले.

मोळीपूजनाच्या कार्यक्रमाची योजना अशी होती. गव्हाणीसमोरच्या, म्हणजे गाळपासाठी ऊस जेथे टाकतात तेथल्या मंडपात सभासद जमतील. मंडपातल्या माइकसमोर एक वायरलेसचा हातसंच ठेवला जाईल, म्हणजे शेतकीच्या संचावर भिमाजी जे बोलतील ते कर्ण्यांतून साऱ्यांना ऐकू येईल. गट ऑफिसांनीही आपापले स्पीकर दारात आणून ठेवायचे. भिमाजी प्रथम स्वागतपर भाषण करतील, मग एकेका गटाची हजेरी घेतील. त्यानंतर चेअरमन कोंडिबा आबा सपत्नीक उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकतील आणि गाळप सुरू होईल. जयसिंगकडे दोन कामे होती. हातसंच माइकपाशी सांभाळणे, आणि भिमाजींचे भाषण टेपरेकॉर्डरवर उतरवून घेणे. कॅसेट कोरी होती आणि भिमाजींनी ती स्वतःच्या पैशाने आणली होती.

दहा वाजता मंडप भरला. बॉयलरची वाफ सोडण्याचा घरघराट सुरू झाला. बिनतारी कक्षात आता भिमाजी एकटेच होते. त्यांनी प्रशासनाच्या स्पीकरचा खटका खाली केला. ‘खट्’ असा स्पष्ट आवाज आला. त्यांनी दिव्याकडे पाहिले. दिवा लाल होता. वाफेच्या घरघराटात गटांचे आवाज नीट ऐकू यावेत म्हणून त्यांनी सैन्यातून आणलेला जाडजूड हेडफोन दोन्ही कानांवर चढविला, तो शेतकीच्या संचाला जोडला, खिशातून सहा पानी भाषण काढले आणि कळ दाबली.

दिवा लाल होता, कारण तो लाल रंगविलेला होता. तो आत लागलेला नव्हता. टर्पेंटाइनने पातळ झालेला रंग रात्रीतून खटक्याच्या फटीतून आत उतरून आतल्या पितळी पट्टीवर वाळला होता, त्यामुळे खटका नुसताच खालीवर होत होता. प्रशासनाचा स्पीकर भिमाजींच्या माइकपासून दोन हातांवर, पूर्ण आवाजात, मोकळाच होता. एवढ्यावरही काही बिघडले नसते. पण नेमके त्याच वेळी, कारखान्यात येऊ घातलेल्या कोंडिबा आबांची जीप दौंडच्या रेल्वे फाटकात अडकली, आणि आबांनी वेळ सत्कारणी लावण्यासाठी जीपमधला माइक उचलला.

त्यानंतर मंडपातील कर्ण्यांतून, आणि नदीच्या दोन्ही तीरांवरच्या गट ऑफिसांच्या दारांतून, जे ऐकू आले ते असे :

“सभासद बंधुभगिनींनो, आजच्या या मंगल प्रसंगी आपण प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी—”

“फाटक पडलंय. मालगाडीचं डबं मोजून दमलो मी. साहेब, आयकताय न्हवं?”

“ऐकतोय, आबा. बोला.”

“—ती ही, की या कारखान्यात लहान-थोर असा भेद कदापि केला जात नाही. येथे प्रत्येकाच्या उसाची नोंद होते—”

“ती नोंद जरा बाजूला ठिवा. तळेगाव गटात तोडीची पहिली टोळी माझ्या मेव्हण्याच्या रानात घाला.”

“आबा, त्यांचा नंबर एकशे त्रेचाळिसावा आहे. पहिला नंबर धुरपदाबाईंचा आहे.”

“—आणि त्या नोंदीचा क्रम हाच आपला धर्म होय.”

“धुरपदा म्हातारी काय करती? तिला सांगा, टोळी आजारी पडली.”

“सगळीच टोळी, आबा?”

“या पवित्र क्रमाला बाधा आणण्याचे धाडस आजवर कोणीही केलेले नाही.”

“साहेब, तुमचं लगीन झालंय का न्हाई? चार दिस झालं, मला घरात चहा मिळंना. भावाचा ऊस तुटल्याबिगर भांडं चुलीवर चढायचं न्हाई म्हणती. मी चेअरमन हाय का कोण हाय?”

“ज्या माउलींनी घराघरांतून कष्ट सोसून हा कारखाना उभा केला, त्यांना मी येथून वंदन करतो.”

प्रत्येक वाक्यानंतर थांबण्याची भिमाजींची सवय त्या दिवशी फार उपयोगी पडली. एकही शब्द एकमेकांवर आदळला नाही. मंडपात ‘टोळी आजारी पडली’ हे ऐकताच जयसिंगने हातसंच बंद करण्यासाठी हात पुढे केला होता. परंतु पुढच्याच रांगेत बसलेली तळेगाव ढमढेऱ्याची धुरपदाबाई, वय वर्षे सत्तर, आपली काठी टेकीत माइकपाशी आली आणि तिने ती काठी जयसिंगच्या मनगटावर ठेवली.

“हात लावून तर बघ,” ती म्हणाली. “बोलू दे की चेअरमनला. माझंच नाव चाललंय.”

इकडे भिमाजींनी सहावे पान संपविले, “जय हिंद, जय सहकार” असे म्हणून कळ सोडली आणि हेडफोन काढला. खिडकीतून प्रचंड गलका आत आला. तीन-चार हजार माणसे एकदम हसत होती, टाळ्या वाजवीत होती, कोणी शिट्ट्या मारीत होते. आपल्या भाषणाचे असे स्वागत होईल, अशी भिमाजींनी अपेक्षा केली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या आणि मग डोळेही पुसले. वडील आज असायला हवे होते, असे त्यांच्या मनात आले.

दार धाडकन उघडून जयसिंग आत शिरला. त्याच्या काखेत टेपरेकॉर्डर होता आणि तोंडावरचा घाम टिपण्याचेही त्याला भान नव्हते.

“जयसिंग, कसं झालं?”

“लई गाजलं, आप्पा.”

“शेवटचा माउलींचा परिच्छेद—”

“त्येला तर मंडप डोक्यावर घेतला.” जयसिंगने कॅसेट मागे फिरवली. “पर आधी खुर्चीवर बसा. बसल्याबिगर लावनार न्हाई मी.”

भिमाजी बसले. कॅसेट सुरू झाली. मालगाडीचे डबे येईपर्यंत त्यांच्या मुखावर स्मित होते. ‘नोंद बाजूला ठिवा’ येथे ते मावळले. चहाचे प्रकरण येईतो त्यांचा चेहरा पेटीसारखा हिरवा झाला होता. ते उठले आणि त्यांनी खटका खाली केला. खट्. दिवा लाल. खटका वर केला. खट्. दिवा लालच. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने काचेवरचा रंग खरवडला. लाल पापुद्रा निघाला, आणि त्याखालचा दिवा थंडपणे, काळोखात, त्यांच्याकडे पाहू लागला.

“माझ्याच हातानं,” ते इतकेच म्हणाले.

एवढ्यात एम. डी. साहेब आत आले. वाफेच्या घरघराटात खिडक्या लावून बसल्याने त्यांना यातले काही कळले नव्हते. ते मंडपाकडे निघाले, तेव्हा वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाने त्यांना ‘टोळीची तब्येत कशी हाय?’ असे विचारले, आणि मग कळले. ते दार लावून घेऊन हलक्या आवाजात बोलू लागले.

“रणपिसे, झालं ते झालं. आबा पाच मिनिटांत पोचतील. यातून मार्ग एकच आहे. मी मंडपात सांगतो की बाहेरचा कुठला तरी सिग्नल आपल्या संचात शिरला. हायवेवरच्या ट्रकवाल्याचा म्हणा, नाहीतर दुसऱ्या कुणाचा म्हणा. आवाज आबांसारखा वाटला, एवढंच. तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही फक्त ‘होय’ म्हणायचं. तुमची पेटीही राहील, आणि मुदतवाढीचा कागद मी आजच काढतो.”

जयसिंगने भिमाजींकडे पाहिले. भिमाजींनी पेटीकडे पाहिले. बारा हंगाम, एक रविवार आणि दोन हात रंग, असे सारे त्या टेबलावर मांडलेले होते. एका ‘होय’ची किंमत फार नव्हती.

“चला,” भिमाजी म्हणाले.

मंडपात आबांची जीप नुकतीच येऊन थांबली होती. आबांना वाटेत कोणी काही सांगितले नव्हते; सांगण्याची मजा कोणालाच गमवायची नव्हती. आबा नेहमीच्या रुबाबात फेटा सावरीत व्यासपीठावर चढले आणि हात जोडून उभे राहिले. समोरची तीन-चार हजार माणसे गप्प बसून त्यांच्याकडे पाहत होती. पहिल्या रांगेतून धुरपदाबाई उठली.

“आबा, टोळी आजारी पडली व्हती न्हवं? बरी झाली का?”

आबांचे जोडलेले हात जोडलेलेच राहिले. त्यांनी एम. डी. साहेबांकडे पाहिले. साहेब लगबगीने माइकपुढे झाले.

“सभासदहो, एक तांत्रिक खुलासा करायचा आहे. मघाशी आपल्या संचात बाहेरचा एक सिग्नल शिरला. तो आवाज आपल्या आबांचा नव्हता. आपले अनुभवी ऑपरेटर श्री. रणपिसे याला दुजोरा देतील.”

भिमाजी माइकपाशी गेले. आयुष्यात प्रथमच ते दिसणाऱ्या माणसांसमोर बोलत होते. त्यांनी घसा साफ केला, आणि सवयीने डावा हात खटका शोधू लागला. तेथे खटका नव्हता.

“साहेब मोठे आहेत,” ते म्हणाले, आणि मग त्यांची संचावरची शुद्ध भाषा कोठल्या कोठे गेली. “पर बाहेरचा सिग्नल माझ्या संचात शिरला म्हंत्यात, ते मला मान्य न्हाई. बारा वरसांत माझ्या संचात परकी माशी शिरल्याली न्हाई. त्यो एरियल मी ह्या हातानं बांधलाय. ट्रकवाला त्यात शिरतो कसा? चूक झाली ती माझी. पेटीला रंग मी दिला. रंग खटक्यात उतरला, दिवा रंगला, आन् मला दिसलं न्हाई. दहा सेकंदाचा नेम मीच घालून दिला आन् मीच मोडला. त्याची शिक्षा मला द्या. पेटी भंगारात टाका, मला घरी घाला. पर त्यो आवाज आबांचाच हाय. बारा वरसं रोज आयकतोय मी. आबांचा आवाज मला वळकू आला न्हाई असं मी म्हंलो, तर मला ऑपरेटर कोण म्हनंल?”

कोणी टाळी वाजविली नाही. सारे आबांकडे पाहत होते. आबांच्या कपाळावरची शीर ठसठसताना पहिल्या रांगेला स्पष्ट दिसत होती. त्यांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात त्यांच्या शेजारी, सकाळपासून मंडपातच असलेल्या आणि आता पूजेचे तबक हातात धरून उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी सुरेखाबाई, कोणाकडे न पाहता, परंतु माइक अगदी जवळ असल्याने साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“चहा मिळंल घरी. आधी ह्या म्हातारीची तोड लावा. चारचौघांत माझं नाव घेतलंत ते लई झालं.”

मंडप कोसळतो की काय, असे वाटले. त्या हसण्यात आबांच्या कपाळावरची शीर दिसेनाशी झाली. आबा पंचवीस वर्षे राजकारणात होते. वारा फिरला की पाठ कोणत्या बाजूस करावी, हे त्यांना सांगावे लागत नसे. त्यांनी तबकातली फुले उचलली, व्यासपीठावरून खाली उतरून ते धुरपदाबाईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “धुरपदाआक्का, ह्या साली पहिली मोळी तुमच्या हातची. चला.”

“टाकते की. पर टोळी कवा येती?”

“उद्या सकाळी.”

“आज.”

“बरं, आज. पर ते टोळीच्या आजाराचं आता सोडा.”

धुरपदाबाईने काठी जयसिंगच्या हाती दिली, पदर खोचला आणि पहिली मोळी गव्हाणीत टाकली. कारखान्याच्या इतिहासात चेअरमनांव्यतिरिक्त कोणी मोळी टाकण्याची ती पहिलीच वेळ. भोंगा वाजला. गाळप सुरू झाले. भिमाजी मात्र परत कक्षात जाऊन, स्टूलावर बसून, पितळी पट्टीवरचा रंग ब्लेडने खरवडीत होते. पेटी भंगारात जायची असली तरी ती बिघडलेली जाता कामा नये, असे त्यांचे मत होते.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून कंपनीचा माणूस खोक्यात घातलेले नवे यंत्र घेऊन आला. एम. डी. साहेबांनी ते टेबलावर ठेवविले आणि मूकपेटी उचलून दाराशी, झाडूजवळ ठेवण्यात आली. भिमाजींनी आपला हेडफोन पिशवीत भरला. जयसिंग त्या दिवशी काही बोलत नव्हता. त्याच्या बाबतीत ही अभूतपूर्व घटना होती. एवढ्यात जीपचा आवाज आला आणि कोंडिबा आबा कक्षात आले. ते यापूर्वी येथे कधीच आलेले नव्हते.

“हे काय करतं?” त्यांनी खोक्याकडे बोट केले.

कंपनीचा माणूस उत्साहाने पुढे झाला. “सर, ऑटोमॅटिक म्यूट. एका संचावर बोलायला लागलं, की दुसऱ्याचा आवाज आपोआप बंद. माणसाची गरजच नाही. तुमचं प्रायव्हेट बोलणं कुणालाही, कधीही ऐकू जाणार नाही.”

आबा बराच वेळ त्या यंत्राभोवती फिरले. मग त्यांनी एम. डी. साहेबांना खिडकीपाशी बोलावून घेतले. पण आबांचा खासगी आवाजही खोलीभर ऐकू येण्याजोगाच होता.

“साहेब, परवा एवढं झालं. आज मी ही मशीन घेतली, तर लोकं काय म्हंतील? आबाचं बोलणं बाहिर फुटलं, म्हणून आबानं आवाज दाबायची मशीन आणली. पुढच्या निवडणुकीला हेच खोकं माझ्यासमोर नाचवत आणतील. त्यापरीस ती लाकडी पेटी ऱ्हाऊ द्या. ती दिसती तरी गरीब.”

“पण आबा, ऑपरेटर अठ्ठावन्नचे झाले.”

“मी किती वर्सांचा हाय?” आबांनी विचारले. आबा भिमाजींकडे वळले. “भिमाजीराव, एक हंगाम अजून बसा. तुमच्यावाणी माणूस टेबलावर हाय म्हंल्यावर मी कमी बोलंन. डॉक्टरबी मला तेच सांगतो.”

झाडूजवळची पेटी पुन्हा टेबलावर आली. भिमाजींनी दिव्याची काच बदलून तिच्या जागी साधी पारदर्शक बसविली. दिवा लागला की त्याची तार उजळलेली दिसे, आणि विझला की त्याला कोणताही रंग नसे. ‘निर्माता’ ही ओळ मात्र त्यांनी राहू दिली. आबा त्यानंतर प्रशासनाच्या संचावर बोलण्याआधी न चुकता सांगत, “भिमाजीराव, आधी दिवा लावा,” आणि दिवा लागेपर्यंत थांबूनही केवळ मंडपात बोलता येण्याजोगेच बोलत. नोंदीच्या क्रमाने टोळ्या गेल्या. मेव्हण्याचा ऊस एकशे त्रेचाळिसावा तुटला.

दरम्यान जयसिंगच्या कॅसेटच्या प्रती निघाल्या होत्या. भिमाजी कस्तुराबाईंना घेऊन तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजाराला गेले, तेव्हा एका चहाच्या टपरीवर ती वाजत होती आणि माणसे कान देऊन उभी होती. भिमाजी थांबले. ‘नोंदीचा क्रम हाच आपला धर्म होय’ हे आपले वाक्य ऐकताना त्यांची मान आपोआप ताठ झाली. त्यांनी दोन चहा सांगताच टपरीवाल्याने त्यांना आवाजावरून ओळखले आणि घाईघाईने बाकडे पुसून दिले.

“काका, तुमीच न्हवं ते? लई झ्याक कॅसेट. आमी रोज लावतो.”

“भाषण कसं वाटलं?” भिमाजींनी विचारले.

टपरीवाला जरा घुटमळला. “भाषण मधीमधी येतंय, ते बरं हाय. पर आबांचा आवाज काय स्वच्छ आलाय वो! फाटकातल्या मालगाडीचा खडखडाटसुदीक आयकू येतो.”

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. भिमाजींनी मात्र चहाचा कप शांतपणे खाली ठेवला, आणि बारा हंगामांची सारी प्रतिष्ठा एका वाक्यात आणीत ते म्हणाले,

“येणारच की. एरियल कुणी बांधलाय!”